संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

एसटीच्या छोट्या मॉडेलसाठी सनबोर्डचा हलका पुठ्ठा कापला, जोडला, त्यावर लाल रंग मारला, की टेबलावर जे उभं राहतं ती एसटी नसते. तो लाल खोका असतो. खिडक्या मापात, चाकं मापात, मागची शिडीसुद्धा मापात, तरी खोकाच. मग कपाळावर ‘लातूर - बार्शी, मार्गे मुरुड’ लागतं, खाली नंबर लागतो, आणि खोक्यात कुणीतरी घंटीची दोरी ओढल्यासारखं वाटतं.

ही अक्षरं विकत मिळत नाहीत. परदेशी लढाऊ विमानांच्या मॉडेलच्या किटमध्ये डेकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील अक्षरांचा, अख्खा ताव येतो, पंखावरच्या बारीक सूचनांसकट. मुरुडमार्गे बार्शीला जाणाऱ्या गाडीचं डेकल कोण छापणार? आपणच.

मी 1:50 मापात काम करतो. अकरा मीटरची गाडी 22 सेंटिमीटरची होते, म्हणजे एक वीत. 34 बाय 20 सेंटिमीटरची नंबरप्लेट होते जेमतेम सात बाय चार मिलिमीटर. ती जमते. पिवळ्यावर काळी अक्षरं, फार कटकट नाही. खरा घाम काढतं ते ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’. पाच सेंटिमीटरचं अक्षर इथं एक मिलिमीटरचं होतं. 600 डीपीआयचा, म्हणजे इंचाला 600 ठिपक्यांचा, प्रिंटर एका मिलिमीटरमध्ये साधारण 24 ठिपके मारतो. इंग्रजीचं भागतं त्यात. आपल्याला त्याच 24 ठिपक्यांत वर मात्रा, मध्ये शिरोरेषा, खाली उकार असा तीन मजली संसार मांडायचा असतो. पहिल्या छपाईत अनुस्वार गेला आणि ‘सकटकाळी’ झालं. दुसऱ्या वेळी फाँट जाड केला, तर ‘र्ग’चा रफार शिरोरेषेत बुडाला.

त्यात प्रिंटरला पांढरा रंग येत नाही. त्याच्या लेखी पांढरं म्हणजे कागद. पारदर्शक डेकल कागदावर छापलेला पिवळा लाल रंगावर ठेवला की दिसेनासा होतो, पांढऱ्याचा तर प्रश्नच नाही. मग पांढरा डेकल कागद घ्यायचा, अक्षराभोवतीची सगळी जागा लाल छापायची आणि तो लाल गाडीच्या लालशी जुळवायचा. मी चौदा लाल छापून पाहिले. स्क्रीनवर कुंकू दिसणारा रंग कागदावर टोमॅटो होऊन येतो.

घरचा प्रिंटर इंकजेट. त्याची शाई पाण्यात विरघळते, म्हणून छापल्यावर क्लिअर लॅकरचे, म्हणजे पारदर्शक वार्निशचे, दोन-तीन पातळ हात मारावे लागतात. पहिलाच हात ओला पडला तर अक्षरं तिथंच पसरतात. लेझरचा टोनर प्लास्टिकचा, पाण्याला दाद देत नाही. म्हणून एकदा गुळगुळीत डेकल कागद घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदारानं तो उजेडात धरून उलटासुलटा पाहिला.

“काय छापायलाव सर ह्याच्यावर?”

“एसटीचा नंबर.”

“गाडी तुमची हाय का?”

“छोटी आहे. एवढी.” मी वीत दाखवली.

“अन् मशीनमंदी चिटकलं म्हंजी?”

त्याचं चूक नव्हतं. लेझर मशीनच्या आत टोनर तापवून कागदावर बसवतात. नको तो कागद घातला तर वरचा थर वितळून रोलरला चिकटतो. तीन चहा आणि नुकसानभरपाईची तोंडी हमी, एवढ्यावर सौदा झाला.

लहानपणी मला वाटायचं, आईच्या शिलाई मशीनवरची सोनेरी वेल कुणीतरी हातानं रंगवली असेल. तेही डेकलच, हे फार उशिरा कळलं. जिथं आईचा तळवा टेकायचा तिथली पानं पुसली गेली होती. वरच्या बाजूची अजून लखलखतात.

डेकल लावणं हा तसा एका वाटी पाण्याचा खेळ. कागदावर डिंकाचा थर असतो आणि त्यावर छापलेला पापुद्रा. पाण्यात वीस-तीस सेकंद ठेवलं की डिंक सुटतो. मग पापुद्रा उचलायचा नाही, ओल्या ब्रशनं कागदावरून गाडीवर सरकवायचा. जागेवर आणायचा, मधून कडेकडे पाणी टिपायचं. खालचा रंग खरबरीत असेल तर मध्ये हवा अडकते आणि अक्षराभोवती चंदेरी झाक येते, म्हणून आधी चकचकीत लॅकरचा हात हवा. पाणी कोमट घ्या, असं सांगतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये ते सांगावं लागत नाही. दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाला ठेवल्यासारखंच येतं. पंखा लावला तर डेकल वाकडं असतानाच वाळतं, बंद केला तर नाकावरून घामाचा थेंब थेट खिडकीवर.

आणि पाणीही कुठलं, तर बोअरचं. ते वाळलं की लाल रंगावर पांढरी कड उरते, बादलीला बसते तशी. म्हणून मी पिण्याचं जारचं पाणी घेतो. घरात त्यावर कुणी बोलत नाही, नुसतं बघतात. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा टँकर वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात मी एकही डेकल भिजवलं नाही. अर्धी वाटीच लागते, पण मागायची कुणाच्या तोंडानं?

परवा ही गाडी पुरी झाली. शेजारचा पोरगा म्हणाला, “काका, चुकलं. लातूरची गाडी म्हणजे एमएच 24 पाहिजे, तुम्ही 20 टाकलंय.” मी उत्तर द्यायच्या आत आमचे थोरले काका खाटेवरून बोलले, “आरं, गाडी बांधली औरंगाबादेत, चिकलठाण्याच्या वर्कशॉपात. तिथला नंबर. दापोडीची असली तर 14, नागपूरची असली तर 40.” काका एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण अजून सुट्टे पैसे बोटांत लावूनच मोजतात.

गाडी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती डोळ्यांजवळ नेली. ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ पुटपुटत वाचलं, अनुस्वारासकट. नंबर वाचला. मग मागच्या चाकावर अंगठा थांबला. एका संध्याकाळी जार संपला होता आणि मी तिथलं तेवढं एक डेकल बोअरच्या पाण्यात भिजवलं होतं. नंतर पुसपुसून पाहिलं, पण पांढरट डाग गेला नव्हता.

“ते राहिलंय काका, बोअरच्या पाण्यानं...”

“राहू दे. गाडी काय जारच्या पाण्यानं धुतेत व्हय?” अंगठा डागावरून एकदा फिरला. “हितंच तेवढी खरी वाटायलीय. बाकी लईच नवी झाली.”

पुढच्या गाडीचे डेकल कापून ठेवलेत. वाटी टाकीच्या नळाखाली भरून आणली आहे.