गप्प करण्याआधी बघून घ्या

सर्व्हरवर काही बिघडल्याचा इशारा, म्हणजे अलर्ट, वाजला की माझ्यासोबत काम करणारे बहुतेक जण ब्राउझर उघडतात. मी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडते. यात थोडी हौस आहे, नाकारत नाही. माउसकडे हात न्यावा लागला की माझी चिडचिड होते हे आमच्या टीमला तोंडपाठ आहे. पण ऑन-कॉलवर, म्हणजे बिघाड झाला की उठायची पाळी माझी असताना, अर्धवट झोपेत, मला एकच गोष्ट हवी असते. मी आत्ता नेमकं काय काय गप्प करणार आहे, ते गप्प करण्याआधी डोळ्यांना दिसलं पाहिजे. टर्मिनलवर ते जितक्या सहज होतं तितकं मला दुसरीकडे जमत नाही.

आमच्याकडे सर्व्हरवर नजर ठेवणारा प्रॉमिथियस आहे आणि त्याच्या जोडीला अलर्टमॅनेजर. दोघांची कामं वेगळी आहेत. नियम तपासून अलर्ट पेटवायचा हे प्रॉमिथियसचं काम. तो कुणाला, कधी, किती वेळा कळवायचा आणि कधी अजिबात कळवायचा नाही, हे बघतो अलर्टमॅनेजर. त्याच्यासोबतच ॲमटूल नावाचा एक छोटा प्रोग्राम मिळतो. पुष्कळ लोकांच्या सर्व्हरवर तो पडून असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. (कमांड मी इथे देवनागरीत लिहिते आहे. टर्मिनलला अर्थातच रोमन अक्षरं द्यायची.)

आधी एक सोय करून ठेवा. होम डिरेक्टरीतल्या डॉट कॉन्फिगमध्ये ॲमटूल नावाचा फोल्डर करायचा आणि त्यात कॉन्फिग डॉट वायएमएल ही फाइल. तिच्यात अलर्टमॅनेजरचा पत्ता, स्वतःचं नाव आणि आउटपुट कसं हवं ते लिहायचं. अलर्टमॅनेजर मुळात ९०९३ पोर्टवर ऐकतो. हे एकदा केलं की दर वेळी लांबलचक यूआरएल टाइप करावा लागत नाही. आमचा अलर्टमॅनेजर बाहेरून कुणालाच दिसत नाही, म्हणून मी आधी एसएसएच करून, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून, आत जाते आणि तिथूनच कमांड चालवते. मोबाइलवरूनही हे होतं. मोबाइलवर वेबपेजमधल्या बारक्या चौकटी भरण्यापेक्षा तर नक्कीच बरं होतं.

आता मुद्द्याचं. नुसतं ॲमटूल अलर्ट क्वेरी म्हटलं की चालू असलेले, न दाबलेले सगळे अलर्ट एकेका ओळीत येतात: नाव, कधी सुरू झाला, सारांश, स्थिती. सारांशाचा रकाना रिकामा दिसला तर नियम लिहिणाऱ्याने समरी भरलेलीच नाही. असे नियम मी लगेच टिपून ठेवते, कारण रात्री वाचायला मिळणारी ती एकच ओळ असते. क्वेरीपुढे लेबलं, म्हणजे अलर्टला चिकटवलेल्या नाव-किमतीच्या जोड्या, दिली की यादी गाळून येते. उदाहरणार्थ टीम बरोबर डेटाबेस, सिव्हिअरिटी बरोबर वॉर्निंग. दोन अटी दिल्या तर दोन्ही लागू पडल्या पाहिजेत. बरोबरचिन्हाऐवजी बरोबर आणि टिल्ड लिहिलं तर पुढचा मजकूर रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे जुळवायचा नमुना, धरला जातो.

खरी गंमत पुढे आहे. सायलेन्स, म्हणजे काही मुदतीसाठी अलर्ट गप्प करणं, लावताना हेच मॅचर, म्हणजे याच अटी, याच पद्धतीने द्यायचे असतात. म्हणून माझी पद्धत अशी: आधी क्वेरी चालवायची, यादी वाचायची, मग वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणायची, अलर्ट क्वेरीच्या जागी सायलेन्स ॲड करायचं, शेवटी मुदत आणि कारण जोडायचं. अटींना हात लावायचा नाही. जे यादीत दिसलं तेच गप्प होणार. वेबपेजवरही प्रिव्ह्यूचं बटण आहे, हे मान्य. पण ते दाबणारे मी फार पाहिले नाहीत. तिथे अलर्टशेजारच्या सायलेन्सवर क्लिक केलं की त्या अलर्टची सगळी लेबलं फॉर्ममध्ये भरून येतात, आणि मग लोक अंदाजाने एकेक उडवत बसतात. कुठलं उडवल्यावर घेर किती वाढला ते कुणी मोजत नाही.

बघितल्याशिवाय लावलेला सायलेन्स दोन प्रकारे फसतो. एक म्हणजे तो गरजेपेक्षा जास्त गिळतो. हा प्रकार सगळ्यांना माहीत असतो. दुसरा जास्त चिडवणारा: तो काहीच गिळत नाही. अलर्टमॅनेजर सायलेन्स घेतो, त्याचा लांबलचक आयडी छापतो, आपण समाधानाने आडवे होतो, आणि फोन पुन्हा वाजतो. कारण अलर्टमॅनेजरला त्या क्षणी जुळणारा एकही अलर्ट नसला तरी चालतं. उद्याच्या कामासाठी आजच सायलेन्स लावता यावा म्हणून ते तसंच असायला हवं, पण मग जुळतंय की नाही हे बघण्याची जबाबदारी आपली.

न जुळण्याची दोन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. पहिलं, इन्स्टन्स या लेबलमध्ये नुसतं सर्व्हरचं नाव नसतं, बहुधा पोर्टही असतो. नोड एक्स्पोर्टर (सर्व्हरची आकडेवारी देणारा प्रोग्राम) असेल तर नावापुढे कोलन (:) आणि ९१००. म्हणजे इन्स्टन्स बरोबर वेब३ असं लिहिलं की काहीच जुळत नाही. मग माणूस रेग्युलर एक्स्प्रेशनकडे वळतो, आणि तिथे दुसरं कारण वाट बघत असतं: अलर्टमॅनेजर ती एक्स्प्रेशन दोन्ही टोकांना बांधून तपासतो. ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडमध्ये शब्दाचा तुकडा दिला तरी सापडतो, इथे पूर्ण किंमत जुळावी लागते. म्हणून वेब३ नंतर टिंब आणि तारका, म्हणजे ‘पुढे काहीही चालेल’ ही खूण, हवीच. आणि ती तारका एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर शेल, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्राम, मध्येच स्वतःचं डोकं चालवतो. नुसतं टिंब-तारका देऊन सगळंच बंद करायला गेलात तर अलर्टमॅनेजर नाही म्हणतो, कारण रिकाम्या किमतीशी न जुळणारी निदान एक अट त्याला लागते. टिंब आणि अधिकचिन्ह (‘निदान एक अक्षर हवं’ ही खूण) मात्र तो निमूट घेतो. हे मी कुणाला सुचवण्यासाठी लिहीत नाहीये.

मुदतीबद्दल माझी मतं ठाम आहेत. डॅश डॅश ड्युरेशन दिलं नाही तर ॲमटूल एक तास धरतो, आणि रात्री उठून करायच्या कामासाठी तो आकडा अगदी रास्त आहे. तासाभरात काम झालं नाही तर पुन्हा वाजू दे, म्हणजे पुन्हा बघणं होईल. आठवडाभराचा सायलेन्स लावावासा वाटतो तेव्हा मी आधी विचारते: हा अलर्ट आठवडाभर कुणालाच नको आहे, तर तो नियम अजून जिवंत का आहे? कधी उत्तर मिळतं, डिस्क मागवली आहे, यायची आहे. मग ठीक. बहुतेकदा उत्तर मिळत नाही.

कारणाची जागा, म्हणजे कॉमेंट, ॲमटूल रिकामी सोडू देत नाही. तरी लोक त्यात ‘टेस्ट’ लिहितात, ‘काम चालू’ लिहितात, एकाने नुसतं टिंब दिलेलंही मी पाहिलं आहे. माझ्या कॉमेंटमध्ये तिकिटाचा नंबर असतो आणि सायलेन्स लवकर काढायचा असेल तर कशावरून काढायचा ते असतं. ‘रेप्लिका पुन्हा बांधते आहे, लॅग शून्यावर आला की काढा.’ एवढं असलं की मी झोपले तरी दुसऱ्याला मला उठवावं लागत नाही. वेळा वाचताना एक ध्यानात ठेवायचं: ॲमटूल त्या यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दाखवतो. घड्याळाकडे बघून ‘संपला असेल’ म्हणण्याआधी हिशेब करावा.

सायलेन्स लावला म्हणजे बिघाड मिटला असा समज नव्या मंडळींमध्ये हमखास असतो. प्रॉमिथियसला सायलेन्सची काही खबरच नसते. तो नियम तपासत राहतो, त्याच्याकडे अलर्ट पेटलेलाच असतो. फक्त निरोप अडवलेला असतो. मुदत संपली आणि अलर्ट अजून चालू असला की अडवलेला निरोप येतोच. अलर्ट क्वेरीला डॅश एस दिलं की सायलेन्स केलेले अलर्ट दिसतात, डॅश आय दिलं की इन्हिबिट झालेले, म्हणजे मोठा अलर्ट चालू आहे म्हणून नियमानुसार दबलेले छोटे. एखादा अपेक्षित अलर्ट आला नाही अशी तक्रार आली की मी या दोन्ही याद्या सगळ्यांत आधी बघते.

डिप्लॉयमेंटच्या, म्हणजे नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवण्याच्या, वेळी हे सगळं स्क्रिप्टमध्ये बसतं, आणि कमांड लाइनचा माझ्या मते सगळ्यांत मोठा फायदा हाच. सायलेन्स ॲड जो आयडी छापतो तो एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. लगेच खालच्या ओळीत ट्रॅप लावायचा, की स्क्रिप्ट कशीही संपली, नीट किंवा मध्येच फसून, तरी सायलेन्स एक्स्पायर त्या आयडीवर चालावं. मग डिप्लॉय. ट्रॅप डिप्लॉयच्या आधी, नंतर नाही. डिप्लॉय फसला तर ट्रॅपमुळे सायलेन्स उठतो आणि खरे अलर्ट यायला लागतात. तेव्हाच तर ते हवे असतात! किल डॅश नऊ (प्रोग्राम जबरदस्तीने बंद पाडणारी कमांड) मात्र कुठलाच ट्रॅप पकडू शकत नाही, मशीनच गेलं तर प्रश्नच नाही, म्हणून ड्युरेशन तरीही आखडतंच द्यायचं. आमच्या स्क्रिप्टमध्ये डिप्लॉयला लागतो त्याच्या साधारण दुप्पट वेळ दिलेला असतो.

नागिऑस या जुन्या देखरेखीच्या प्रोग्रामच्या काळात मी हेच काम वेगळ्या तऱ्हेने करायचे. तिथे नागिऑस डॉट सीएमडी नावाचा नेम्ड पाइप, म्हणजे प्रोग्रामला हुकूम द्यायची फाइलसारखी वाट, होता. चौकटी कंसात सेकंदांतला टाइमस्टॅम्प, मग शेड्यूल सर्व्हिस डाउनटाइम, मग अर्धविरामांनी तोडलेली एकामागून एक फील्डं, सगळं प्रिंटएफने त्या पाइपमध्ये ढकलायचं. एक अर्धविराम कमी पडला तर पाइप काही बोलायचा नाही. लॉग उघडून शोधायचं. चालायचं मात्र दणकट. आजही कुठे नागिऑस चालू असेल तर ती वाट उपलब्ध आहे आणि मी तिला नाव ठेवणार नाही.

पाळी बदलताना मी दोन कमांड चालवते आणि त्यांचं उत्तर जसंच्या तसं पुढच्याला पाठवते. सायलेन्स क्वेरीला डॅश डॅश विदिन आठ तास दिलं की पुढच्या आठ तासांत संपणारे सायलेन्स येतात. त्याच्या पाळीत काय पुन्हा बोलायला लागू शकतं त्याची ही यादी. त्यालाच डॅश डॅश एक्स्पायर्ड जोडलं की मागच्या आठ तासांत संपलेले येतात. संपलेले सायलेन्स लगेच पुसले जात नाहीत, अलर्टमॅनेजर ते मुळात १२० तास, म्हणजे पाच दिवस, सांभाळतो. ‘परवा रात्री हा अलर्ट का आला नाही’ याचं उत्तर त्यामुळे मिळतं, पण पाच दिवसांच्या आत विचारलं तरच.

आठवड्यातून एकदा मी जमाखर्च बघते. अलर्ट क्वेरीला डॅश ओ जेसन द्यायचं (यंत्राला वाचता येणारं आउटपुट मिळतं), जेक्यू या जेसन चाळणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक अलर्टचं अलर्टनेम काढायचं, पुढे सॉर्ट, युनिक डॅश सी, आणि परत आकड्यांनी उलटं सॉर्ट. त्या घडीला कोणता नियम किती ठिकाणी पेटला आहे ते वरपासून खाली. मी हे एका क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात, टाकून दर तासाला फाइलीत साठवते, म्हणजे एका क्षणाचं चित्र न राहता सवयी दिसतात. वरच्या एक-दोन नावांचं पुढे काय करायचं हा वादाचा विषय. ‘डिस्क ८० टक्के भरली’ हा आमच्याकडचा जुना मानकरी. मोठ्या डिस्कवर ८० टक्के म्हणजे अजून भरपूर जागा, छोटीवर धोक्याची घंटा, आणि नियम दोघांना सारखाच. तो काढून आम्ही प्रेडिक्ट लिनिअर वापरलं: गेल्या सहा तासांचा कल असाच राहिला तर चोवीस तासांत जागा शून्याखाली जाते का? जात असेल, आणि हे तासभर टिकत असेल, तरच वाजायचं. टीममधल्या एकाला ८० टक्केवालाच हवा होता, त्याला डोळ्यांना दिसणारा आकडा आवडतो. त्याच्यासाठी तो डॅशबोर्डवर ठेवला, फोनवर नाही.

रूट, म्हणजे कुठला अलर्ट कुणाकडे जायचा ते नियम, बदलल्यावर तपासायलाही ॲमटूलच. कॉन्फिग रूट्स टेस्टला लेबलं दिली की ती कुठल्या रिसीव्हरकडे जातील ते नाव छापतो. डॅश डॅश व्हेरिफाय रिसीव्हर्स देऊन अपेक्षित नाव सांगितलं आणि उत्तर वेगळं आलं तर एक्झिट कोडच चुकीचा येतो, म्हणजे सीआय (बदल आपोआप तपासणारी यंत्रणा) तिथेच थांबते. चेक कॉन्फिग तर चालवायचंच, पण त्याला फक्त फाइलची रचना कळते. डेटाबेसचे क्रिटिकल अलर्ट चुकून वेबवाल्यांकडे वळवले तर तो ‘सगळं ठीक’ म्हणतो. निरोप खरोखर पोचतो का ते बघायला अलर्ट ॲडने खोटा अलर्ट पेटवता येतो. पुन्हा पाठवला नाही तर तो मूळ सेटिंगनुसार पाच मिनिटांनी आपोआप विझतो. पेटवण्याआधी चॅनेलवर सांगून ठेवा.

राहता राहिला वॉचडॉग. हा अलर्ट कायम पेटलेला असतो आणि त्याचा निरोप बाहेरच्या एका यंत्रणेकडे ठरावीक अंतराने जात राहतो; निरोप थांबला की ती यंत्रणा आम्हाला उठवते, कारण मग निरोप पाठवणारंच काहीतरी बंद पडलेलं असतं. अलर्टनेमवर टिंब आणि अधिकचिन्ह टाकून लावलेला सायलेन्स यालाही गप्प करतो. म्हणून आमच्या शेलमध्ये सायलेन्स ॲडवर एक छोटं फंक्शन बसवलं आहे. ते दिलेल्या मॅचरनी आधी अलर्ट क्वेरी चालवतं, यादीत वॉचडॉग दिसला तर थांबतं, यादी रिकामी असेल तर ‘काहीच जुळत नाही, तरी लावू?’ असं विचारतं, आणि बाकी वेळी यादी दाखवून वाय किंवा एनची वाट बघतं. सगळं मिळून वीसेक ओळींचं बॅश आहे. ज्यांना यादी वाचायचा कंटाळा आहे तेही आता वाय दाबण्याआधी एक नजर टाकतात.