हवा सोडून मोजायचं : आमची वाटचाल

मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही दोघांनी सायकलदुरुस्तीचं काम सुरू केलं तेव्हा मोटर हा विषय डोक्यातही नव्हता. पंक्चर काढणं, ब्रेकचं तेल बदलणं, गिअर लावून देणं, अशी रोजची कामं होती. फोर्क आणि शॉक, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकाचे धक्के झेलणारे भाग, उघडण्यात भावाचा हात चांगला बसला, तशी डोंगरात सायकल चालवणारी मंडळी आमच्याकडे यायला लागली.

त्यांच्यातलेच एक काका. साठी ओलांडलेली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली त्यांची सायकल त्यांनी वर्षानुवर्षं जपलेली होती. एके दिवशी ती भिंतीला टेकवून म्हणाले, "उतार मला अजून जमतो रे. चढच होत नाही. हिलाच मोटर बसवून दे, नवी सायकल नको मला."

आम्ही हो म्हणालो. फुल सस्पेन्शन सायकलला मोटर बसवणं आणि साध्या सायकलला बसवणं यांत किती फरक आहे, हे तेव्हा आम्हाला कळलेलं नव्हतं.

सगळ्यांत सोपी वाट हब मोटरची. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ साली मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटर असलेल्या सायकलचं पेटंट मिळालं होतं. काकांची फ्रेम जुन्या पद्धतीची, मागच्या चाकाच्या जागेची रुंदी १३५ मिलिमीटर, त्यामुळे मोटरचं चाक एका दिवसात बसलं. सपाट रस्त्यावर सायकल सुरेख पळाली. पायवाटेवर गेल्यावर मात्र काका अर्ध्या तासात परतले. मागचं चाक प्रत्येक दगडावर आपटत होतं. सस्पेन्शनचं सगळं गणित चाक हलकं असण्यावर चालतं. खड्डा आला की चाकाने चटकन वर जावं, चटकन खाली यावं आणि वरचं धड स्थिर राहावं. त्याच चाकात आम्ही साडेतीन-चार किलो कोंबले होते. ते एकदा वर गेलं की खाली यायला वेळ लावायचं आणि तोवर पुढचा दगड आलेला असायचा. शॉकची सेटिंग भावाने सहा वेळा बदलली, पण वजन चुकीच्या जागी असेल तर सेटिंग तरी काय करणार! शिवाय दमवणाऱ्या चढावर, चाक सावकाश फिरत असताना, मोटर हात लावता येणार नाही इतकी तापायची. हब मोटरला सायकलच्या गिअरचा काहीच उपयोग होत नाही. फेरे कमी पडले की वीज उष्णतेत जाते.

ते चाक आम्ही काढून घेतलं, काकांचे पैसे परत केले आणि पुन्हा विचाराला बसलो.

दुसरी वाट मधल्या मोटरची, म्हणजे क्रँकच्या (पेडलच्या दांड्यांच्या) जागी बसणाऱ्या मिड-ड्राइव्हची. बाफांग कंपनीची बीबीएस०२ ही मोटर ६८ ते ७३ मिलिमीटर रुंदीच्या, आटे असलेल्या बीबीत, म्हणजे फ्रेममध्ये क्रँकचा आस जिथे बसतो त्या नळीत, बसते. वजन तिचंही साधारण चार किलोच, पण ते फ्रेमवर येतं, शॉकच्या वर, आणि तेही खाली व मध्यभागी. ताकद चेनवरून जात असल्याने मागचे सगळे गिअर मोटरच्या कामी येतात. काकांची बीबी ७३ मिलिमीटरची, आट्यांची. जुना क्रँक उतरवला, मोटर सरकवली, कडं आवळलं. पुढची चकती ३२ दात्यांची होती, ती आता ४२ ची झाली, म्हणून चेन लांब घेतली. सायकल स्टँडवर टांगलेली असतानाच चेन मोजून तोडली.

चूक इथे झाली. मागचं चाक पुढे-मागेही सरकतं, नुसतं वर-खाली नाही. शॉक दाबला जातो तसं बहुतेक फ्रेममध्ये बीबी आणि मागचा आस यांच्यातलं अंतर वाढतं आणि तेवढी चेन जास्त लागते. स्टँडवर टांगलेल्या सायकलचा शॉक पूर्ण उघडा असतो. म्हणजे चेन सगळ्यांत कमी लागते, नेमक्या त्याच स्थितीत आम्ही ती मोजली होती. चढ संपता संपता, चेन मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर असताना, काका एका खोलगट जागेत उतरले. शॉक तळाशी गेला, चेन ताणली गेली आणि डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, मुळापासून उपटून स्पोकमध्ये घुसला. काका पडले नाहीत, हे आमचं नशीब. डिरेलर जिच्यावर टांगलेला असतो ती हँगरची वाकलेली पट्टी आजही आमच्या कामाच्या टेबलाच्या वर खिळ्याला अडकवलेली आहे.

त्या दिवसापासून एक नियम झाला. कुठलीही फुल सस्पेन्शन सायकल आत आली की आधी मागच्या शॉकमधली सगळी हवा सोडायची. सायकल मागून बसते, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा फ्रेमचा हलता भाग) वर येतो, सगळ्या सांध्यांची शेवटची जागा दिसते. मोजमाप त्याच स्थितीत घ्यायचं. चेन मोठ्या चकतीवरून मोठ्या चकतीवर, डिरेलर न धरता फिरवायची, वर दोन कड्या जास्त ठेवायच्या. ४२ दात्यांची चकती स्विंगआर्मला घासते का, हे तेव्हाच कळतं. स्पीड सेन्सरची वायर सांध्यावरून मागे जाते, तिला किती ढील लागेल हेही तेव्हाच कळतं. एका सायकलची ही वायर आम्ही नीटनेटकी दिसावी म्हणून टायने घट्ट आवळली होती. ती महिन्याभरात आतून तुटून आली. वरचं काळं आवरण जसंच्या तसं आणि आत तांब्याचे तीन-चार केस उरलेले. आता सांध्यापाशी तिला बोटभर वळसा सैल सोडतो. दिसायला बरा दिसत नाही, पण राहू देतो.

मोठ्या चकतीचा आणखी एक परिणाम चालवणाऱ्याला जाणवतो. चेनची ओढ ज्या रेषेत येते ती बदलते आणि पेडल मारताना मागचा भाग जरा जास्त डुलतो. मोटरची ओढ सलग असल्याने मोटर चालू असताना ते फारसं कळत नाही, बंद करून चालवलं की कळतं. हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

खरी डोकेदुखी बॅटरीची. साध्या सायकलच्या त्रिकोणात बॅटरी आरामात बसते. इथे त्या त्रिकोणात शॉक असतो, त्याचे दांडे असतात, आणि ते हलतात. सुरुवातीला आम्ही पाण्याच्या बाटलीच्या दोन बोल्टवर बॅटरी टांगली. पाच मिलिमीटरचे ते बोल्ट किलोभर पाण्यासाठी दिलेले असतात आणि आमची बॅटरी साडेतीन किलोची होती. दगडगोट्यांवर दोनेक महिने हादरे बसल्यावर फ्रेममधले आटे नटासकट गरगर फिरायला लागले. आता पट्ट्या नळीला वेढून, मध्ये रबर घालून, तीन ठिकाणी आधार देतो. फ्रेमला भोक पाडत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

बॅटरी लहान करता येते, हे समजायला आम्हाला वेळ लागला. सगळ्यांनाच मोठी बॅटरी हवी असते. मग मी कागद काढून हिशेब मांडतो. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो धरा. ५०० मीटर उंची चढायला निव्वळ १३६ वॉट-तास ऊर्जा लागते. मोटरमधला तोटा, चाकांचं घर्षण हे धरून दोनशेच्या आसपास म्हणू, आणि त्यातही काही भाग पायांचा असतो. १० अँपिअर-तासाच्या ४८ व्होल्ट बॅटरीत ४६८ ते ४८० वॉट-तास असतात. २१७०० आकाराच्या, प्रत्येकी ५ अँपिअर-तासाच्या २६ सेलमध्ये हे होतं आणि सेलचं वजन दोन किलोच्या आत राहतं. एवढा पॅक शॉकच्या खालच्या कोपऱ्यातही मावतो. फक्त कंट्रोलरमध्ये करंट कमी करून घ्यावा लागतो, नाहीतर सेलवर ताण येतो. बहुतेक लोक हा हिशेब बघून तयार होतात.

पॅक आम्ही आधी बाहेरून आणत असू. एक पॅक चढावर अधूनमधून बंद पडायचा, घरी आणला की ठणठणीत. उघडून पाहिलं तर सेल नुसते टेपने गुंडाळलेले, हादऱ्यांनी निकेलची एक पट्टी सेलवरून सुटून लटकत होती. लिथियमच्या सेलशेजारी सुटी पट्टी म्हणजे आगीला आमंत्रण. त्या रात्री मला झोप लागली नाही. विकणाऱ्याने जबाबदारी घेतली नाही. तेव्हापासून सेल होल्डरमध्ये घट्ट बसवलेले आहेत, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आम्ही एकही पॅक सायकलवर चढवत नाही.

काही कामांना आम्ही नाही म्हणतो. कार्बनच्या फ्रेमवर पट्ट्या आवळायला मन धजत नाही. आट्यांशिवायची, दाबून बसवायची रुंद बीबी असेल तर अडॅप्टर मिळतात, पण मोटरच्या जोराने ते आत फिरलेले पाहिले आहेत. मोटर जोर लावते तेव्हा तिचा डबा वर, खालच्या नळीकडे रेटला जातो आणि खड्ड्यात आपटून खाली येतो. या ये-जा करण्यानेच कडं सैल होतं. म्हणून डबा आणि नळी यांच्यामध्ये टणक आधार ठोकून बसवतो आणि पहिल्या १०० किलोमीटरनंतर सायकल परत बोलावतो. फ्रेमची कंपनीची वॉरंटी यात जाते, हे कामाला हात लावण्याआधी सांगतो. ऐकून परत गेलेलेही आहेत. ते मला पटतं.

गिअर सेन्सर आणि मागे-पुढे मोठी ब्रेक डिस्क या दोन गोष्टी मात्र आम्ही ऐच्छिक ठेवलेल्या नाहीत. सेन्सरमुळे गिअर पडताना मोटर क्षणभर थांबते. तो नसेल तर पूर्ण जोरात गिअर बदलताना होणारा तो 'कडाक' आवाज कानाला सहन होत नाही.

आता आम्ही तिघं आहोत. भाऊ शॉक बघतो, मी मोटर आणि बॅटरी, आणि वायरिंगला एक मुलगी आली आहे, तिचा हात आमच्या दोघांपेक्षा साफ आहे. कपाटात प्रत्येक फ्रेमच्या त्रिकोणाचा पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवलेला आहे, त्यावर शॉक उघडा असतानाची रेघ निळी आणि पूर्ण दाबलेला असतानाची लाल. सगळ्यांत वरचा साचा काकांच्या सायकलचा.

गेल्या आठवड्यात ते चेन बदलायला आले होते, मोटर बसवल्यापासूनची चौथी. भावाने शॉकचं प्रेशर बघितलं, वजन वाढल्यामुळे ठरवलेला आकडा अजून बरोबर होता. पट्ट्यांचे बोल्ट मी एकेक करून तपासले. एकही ढिला नव्हता. काका म्हणाले, "आवळून झालं ना? मग दे लवकर, वर सगळे थांबलेत."