आधी काय खातो ते लिही

शाळेच्या आठवणी लिहायच्या म्हटल्यावर गॅदरिंग, छड्या आणि शेवटच्या बाकावरचे उद्योग यांवर बाकीचे भरभरून लिहितीलच. मी आमच्या विज्ञानाच्या सरांच्या एका वाक्यावर लिहितो.

रविवारी सर आम्हाला एसटीनं सोलापूरजवळच्या नान्नजला न्यायचे. माळढोक अभयारण्य १९७९ सालचं, पण आम्हा पोरांना दिसायचं नुसतं गवत. "बूड टेका, तोंड मिटा," असा हुकूम सुटायचा. भाकरी-शेंगाचटणीच्या डब्याला तोवर हात लावायचा नाही. डोंबारी चंडोल हा पक्षी हवेत वर चढत जायचा आणि दगडासारखा खाली सुटायचा. कोणीतरी "काय बे हे!" म्हणून ओरडायचं. सर म्हणायचे, "नाव मागून. आधी काय खातो ते लिही."

पुढं बँकेतल्या बदलीनं कुन्नूरला गेलो. निलगिरीच्या माथ्यावर बघतो तर पुन्हा माळच! फक्त त्याच्या घळीघळींत, ओढ्याच्या कडेनं, बुटकं दाट जंगल. तिथं त्याला शोला म्हणतात. इंग्रजांच्या काळात आणलेल्या नीलगिरी आणि वॅटलच्या झाडांनी तिथला माळ बराचसा गिळलाय. हिरवंगार दिसतं म्हणून पर्यटक खूश असतात. नान्नजला बसलेल्या माणसाला मात्र ते टोचतं.

अशाच एका शोलात नेच्यांच्या जाळीपाशी बूड टेकून बसलो होतो. चिमणीपेक्षा लहान पक्षी समोर आला. अंग झळझळीत नारिंगी, डोकं आणि पंख काळे कुळकुळीत. माशीमार म्हटला की तो फांदीवरून हवेत झेपावणार, माशी टिपणार आणि परत फांदीवर येणार. हा मात्र जमिनीपासून हातभर उंचीवर, ओलसर अंधारातच वावरत होता. पानावरचा किडा उचलला, पाचोळ्यात उतरला, परत डहाळीवर. मागोमाग मादी आली. तिचं डोकं तपकिरी, डोळ्याभोवती फिकट कडं. वहीत किड्याची ओळ आधी उतरली, नाव नंतर: काळा-नारिंगी माशीमार. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या उंच डोंगरांखेरीज हा जगात कुठंच नाही. थंडीतही तो दूरदेशी जात नाही.

फोटो काढला आणि बाकावरच्या जुन्या दोस्ताला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "काय बे, ह्यात पक्षी कुठला आन् पान कुठलं?"

मी त्याला किडा कुठं होता ते सांगितलं.