ओटीजी छोटाच बरा

दादाचं परत सुरू झालंय, मोठा ओव्हन घे म्हणून. तसं चुकीचं नाहीये त्याचं, आमच्या ओटीजीत दाटीवाटी करून नानकटाया बसतात किती तर दहा-बारा, आणि दिवाळीला घरचा डबा, मावशीचा डबा, खालच्या काकूंचा डबा असा हिशोब लावला की दुपारी बसलेली मंडळी रात्रीच्या कुकरपर्यंत उठतच नाहीत. पण मला तेच तर हवंय ना.

लहानपणी हे काम घरात नव्हतंच मुळी. आम्ही तेव्हा जुन्या नाशकात राहायचो, दिवाळी जवळ आली की मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा पिशवीत भरायचं आणि रिकामा पत्र्याचा डबा घेऊन बेकरी गाठायची. सकाळचे पाव निघाले की भट्टी जरा उतरते, बिस्किटांना तेवढीच आच पुरते, त्यामुळे आमच्यासारख्यांचे नंबर दुपारीच लागायचे. मग बाहेर पायरीवर बायका बसलेल्या, कोणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलंय ते कोणाच्या सासूने काय केलं इथपर्यंत सगळं तिथे कळायचं. माझ्या आईच्या निम्म्या मैत्रिणी त्या पायरीवरच्या आहेत, खोटं नाही. बिस्किटं घरी येईपर्यंत संध्याकाळ व्हायची, पण कोणी उशीर झाला म्हणून कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

आता पायरी नाही, किचन आहे. सिडकोतला फ्लॅट, त्यात किचन ते केवढं, पण पंचवटीतून मावशी येते, भाची येते, आई आधीच परात घेऊन खाली बसलेली असते. तूप-पिठीसाखर फेसायचा मान तिचाच. बीटर आणून दिलाय, तो माळ्यावर आहे. तिचं म्हणणं, तळव्याची ऊब लागल्याशिवाय तूप हलकं होत नाही, आणि नाशिकच्या थंडीत तूप बरणीत दगड होऊन बसतं तेव्हा ते पटतंही. तूप-साखर सारखी, पीठ साधारण दुप्पट, असं मी वाटीने मोजायला जाते तर ती म्हणते, "मावेल तेवढं घाल गं." पाण्याचा थेंब मात्र लागू देत नाही. मैद्याला पाणी लागलं आणि मळलं की तो चिवट होतो, मग कसली खुसखुशीत नि कसलं काय.

मावशीचं वेगळंच. तिला नागलीची हवी. पेठ-सुरगाण्याकडची नागली ती घरी भाजून, दळून आणते आणि मैदा कसा वाईट यावर आम्हाला ऐकवते. नागलीला चिकटपणा नसतो, नुसत्या नागलीच्या केल्या तर उचलताना भुगा हातात येतो, म्हणून आई गुपचूप थोडी कणीक मिसळते. मावशीला हे माहीत आहे. आईला ते माहीत नाही. एकदा मावशी म्हणाली आपलं पारंपरिक खावं, तर भाची मोबाईलमधून वाचून दाखवायला लागली की आजी, नानकटाई सुरतची आहे, डचांच्या बेकरीतून आली असं सांगतात. मावशी म्हणे, सुरत काय लांब आहे, सापुताऱ्याचा घाट उतरलं की आलंच!

हे असलं सगळं बोलणं होतं ते एक ट्रे आत असताना. गोळे वळून झालेले, चारोळी टोचून झालेली, हात तुपकट, त्यामुळे मोबाईल पण धरता येत नाही (भाची सोडून). पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसायचं. मोठ्या ओव्हनमध्ये एका दमात चाळीस निघतील, अर्ध्या तासात सगळे मोकळे, आणि मोकळे झाले की दादा बाईकची किल्ली शोधणार, मावशीला रिक्षा हवी असणार. एरवी लग्नकार्यात भेटतो तेव्हा पण बोलतोच की, पण ते कशी आहेस, बरी आहे एवढंच. मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय हे मला तिसऱ्या का चौथ्या ट्रेला कळलं, फोनवर ती कधी बोलली नव्हती.

भाचीला फक्त आवरावं लागतं. ट्रे बाहेर आला की ती झडप घालते, आणि गरम नानकटाई मऊच असते, गार झाल्याशिवाय कडक होत नाही, मग कच्ची आहे म्हणून परत आत ढकलायला निघते.

दादाला सांगितलंय, ओव्हनचे पैसे देतोस तर तूप आण. मावशीला यंदा नागलीत गूळ हवाय. किसलेला गूळ घातला तर त्या मऊ पडतील असं मी म्हटलं, तर ती गुळाची पावडर घेऊन येणार आहे, आणि एक दिवस आधीच राहायला.