टीटीचं स्टिअरिंग ढिलं झालं होतं: पुढचं सस्पेन्शन घरीच बदललं

माझी ऑडी टीटी दुसऱ्या पिढीतली, २.० टीएफएसआय पेट्रोल इंजिनची, एस ट्रॉनिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. पुण्यातून जुनी घेतली आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यांत, त्यानंतरच्या खड्ड्यांत ती माझ्यासोबत राहिली. मागचा पाऊस संपला तेव्हा पुढून टक-टक आवाज सुरू झाला होता. हायवेला शिरोली सोडून वेग घेतला की गाडी एका बाजूला खेचायची. पन्हाळ्याच्या घाटात तर स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करून मग वळायची. अशा गाडीचं सगळं सुख त्या वळण्यातच असतं, ते गेलं तर उरतं काय?

एका मोठ्या वर्कशॉपनं पाच मिनिटांत निकाल दिला: पूर्ण स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा) बदला. खाली झोपून कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून आधी स्वतः बघायचं ठरवलं.

आधी गाडी उचलणं. टीटीच्या सांगाड्याचा मोठा भाग ॲल्युमिनियमचा आणि मागचा काही भाग पोलादाचा आहे, त्यामुळे जॅक हवा तिथं लावून चालत नाही. ठरलेल्या जागीच, मध्ये रबरी पॅड घालून उचलली. दोन्ही बाजूंना स्टँड दिले आणि जोर लावून हलवून पाहिल्यावरच खाली गेलो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये, हे माझं अगदी ठाम मत आहे.

मग चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं. डावीकडे स्पष्ट प्ले, म्हणजे ढिलेपणा. धाकटा भाऊ तसंच चाक हलवत राहिला आणि मी बोटं टाय रॉड एंडवर, म्हणजे रॅककडून येणारा रॉड चाकाला जोडणाऱ्या सांध्यावर ठेवली. चाक हलायचं, रॉड हलायचा नाही, आणि सांधा मधल्या मध्ये कचकचायचा. रॅकच्या बुटावरून (रबरी आवरणावरून) आतला सांधा दाबून पाहिला, तो घट्ट होता. म्हणजे रॅकचा दोष नव्हताच. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं तेव्हा चाकाला खालच्या दांड्याशी (लोअर आर्मशी) जोडणारा बॉल जॉइंटही थोडा वाजला. त्याचा बूट फाटून आतलं ग्रीस चिखलासारखं झालं होतं. लोअर आर्मच्या बुशाला (रबरी जोडाला) टॉमी, म्हणजे छोटी पहार, लावून जोर दिला तर रबर धातूपासून सुटलेलं दिसलं. लिंक रॉड (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या जोडकाड्या) हातानंच खुळखुळत होते. एवढं मिळायला जवळजवळ अख्खी दुपार गेली, पण या सगळ्या कामात ती दुपारच सगळ्यात मोलाची होती. आवाज ऐकून अंदाजानं पार्ट मागवायला लागलो असतो तर पैसे जाऊन आवाज तसाच राहिला असता.

टीटीचा पाया पीक्यू३५, म्हणजे स्कोडा लॉरा आणि जेट्टा ज्या घराण्यातल्या, तोच. त्यामुळे काही पार्ट त्या गाड्यांच्या भावात मिळतात, मात्र पार्ट नंबर जुळवल्याशिवाय एकही घेऊ नये. माझ्या गाडीचे लोअर आर्म ॲल्युमिनियमचे आहेत, लॉरासाठी आणलेला बॉल जॉइंट इथं बसेल असं गृहीत धरता येत नाही. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लिंक रॉड, बुश, शॉकॲबच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) वरचं माउंटिंग आणि एकदाच वापरायचे नवे बोल्ट असा संच मागवला. हे बोल्ट कसताना ताणले जातात, जुनेच परत लावण्यात अर्थ नाही.

टाय रॉड एंड काढण्याआधी आटे किती उघडे आहेत ते व्हर्नियरनं मोजून घेतलं आणि नवा तेवढ्यावरच बसवला, म्हणजे अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी नीट जाते. सांधा सोडवायला पुलर वापरला. हातोड्यानं ठोकून निघतो, पण शेजारच्या ॲल्युमिनियमला तो मार सोसत नाही. शॉकॲब ज्या गळ्यात बसतो त्याच्या मागच्या फटीत एक चपटी लांबट किल्ली घालून पाव फेरा फिरवावी लागते, तेव्हा गळा उघडतो. ती नसेल तर हा भाग तासन्‌तास हटत नाही. डाव्या लोअर आर्मचा पुढचा बोल्ट बाहेर येताना गिअरबॉक्सला अडतो. इंजिनचं खालचं माउंटिंग सोडून इंजिन हळूच पुढे ढकललं, मग तो निघाला.

बुश दाबायला प्रेस हवा होता, तेव्हा आर्म घेऊन कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, उद्यमनगरला गेलो. म्हादबा मेस्त्रींसारख्या जुन्या कारागिरांनी जिथं इंजिनं घडवली त्या गावात प्रेस शोधायला लांब जावं लागत नाही. तिथल्या मेस्त्रींनी आर्म हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, “मालक, ह्यो बुश कसा बी बसवून चालत न्हाई. जुना कसा बसलाय त्याची खूण मारा आधी, मग दाबूया.” बुशाच्या रबरात पोकळ जागा असेल तर दिशा चुकल्यावर तो फार टिकत नाही. खूण मारली, त्यांनी जुना बाहेर काढला, भोक पुसलं आणि नवा सरळ रेषेत एका दमात आत गेला.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती. बुशाचं रबर आतल्या-बाहेरच्या दोन नळ्यांना चिकटलेलं असतं आणि आर्म हलला की ते पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण कसला तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबराला कायमचा पीळ बसतो, आणि नवा बुश लवकर फाटतो. ‘नवीन बुश टाकला तरी टिकत नाही’ या तक्रारींमागे बऱ्याचदा हेच असतं. मी गाडी उचलण्याआधी चाकाचा मध्य ते मडगार्डची कड हे अंतर प्रत्येक बाजूचं मोजून ठेवलं होतं. शेवटी हबखाली जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत उचललं आणि मगच त्या बोल्टांना अखेरचा टॉर्क (मोजून दिलेला कस) दिला. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला, तेही टॉर्क रेंचनं.

अलाइनमेंट लगेच करून घेतलं. पुढच्या चाकांचा टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) टाय रॉडवर बसतो, तो सरळ झाला. स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणून घेतला, नाहीतर डॅशवर दिवे लागून राहतात. त्यानंतर पन्हाळ्याला गेलो. आवाज नाही, खेचणं नाही, आणि वळणावर हाताच्या इशाऱ्याबरोबर नाक आत जातं. जुना रॅक जागेवरच आहे आणि उत्तम चालतोय. मागच्या आर्मचे बुशही आता थकलेत, पुढचा पाऊस यायच्या आत ते करणार आहे.