डुकरिणी आणायला पवनीकडे जाताय? आधी पाय बघा

नागपूर–उमरेड–भिवापूर–पवनी या बाजूला यॉर्कशायर जातीच्या डुकरांच्या पैदाशीच्या माद्या बघायच्या तर पहाटे निघा आणि दिवसाला एकच फार्म धरा. 2020 पासून आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा साथीचा रोग देशात आहे. एका ठिकाणची माती बुटाला लावून दुसरीकडे गेलात तर कुणी आत घेणार नाही, घेऊही नये. धुतलेले गमबूट, मोजपट्टी आणि बॅटरी सोबत ठेवा.

मालक मादी कोठ्यातच दाखवतो. वजन, लांबी, चौदा सड सगळं दिसतं. पाय मात्र चिखलात असतात. म्हणून बाहेर काढायला लावायचं. कोरड्या, कडक जागेवर पंधरा-वीस पावलं जाताना, येताना आणि बाजूनं. या फेरीत निवडीला ठेवलेल्या आठांतल्या तीन इथंच गळाल्या. एकीचे मागचे पाय खुंटासारखे सरळ होते. अशा पायात धक्का जिरत नाही, सांधा सुजतो, पाऊल आखूड पडतं. दुसरीचे पुढचे गुडघे पुढं वाकलेले. तिसरीचे मागचे सांधे आत वळून एकमेकांना घासत होते.

जमिनीवर थोडी राख पसरली तर काम सोपं होतं: चांगल्या चालीच्या मादीचा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशातच किंवा त्याला लागून पडतो. खुराच्या वरचा सांधा जरा तिरपा, लवचीक हवा; पार जमिनीला टेकलेला नको.

नख्या मोजायच्या त्या मादी खात असताना, एरवी ती उभी राहत नाही. मागच्या पायाची आतली नखी थोडी लहान असतेच, पण फरक सव्वा सेंटिमीटरच्या वर असेल तर सोडून द्या. सगळा भार बाहेरच्या नखीवर येतो, तिला भेग पडते, भेगेतून जंतू शिरतात. खुराच्या कडेला किंवा नाकपुडीवर फोड दिसले तर लाळ्या-खुरकूतचा संशय धरून तिथूनच परत फिरा.

पाच-सहा महिन्यांची, 90 ते 100 किलोची मादी निवडा. त्याआधी पायांचा अंदाज येत नाही. तिची आई आणि बहिणी बघायला मागा, कारण पायांची ठेवण वंशातून उतरते. तीन-चार वेळा व्यालेली आई नीट चालत असेल तर ती वंशावळीच्या कागदापेक्षा मोठी खात्री. ‘फरशीनं लंगडते’ हे उत्तर मालकाकडून हमखास मिळतं. कोठ्यातल्या सगळ्याच लंगडत असतील तर ते खरं. एकाच विणीतल्या लंगडत असतील तर दोष रक्तात.

गव्हाणही बघा. या पट्ट्यात राइस मिलचा कोंडा भरपूर, म्हणून नुसत्या कोंड्यावर पोसलेला माल भेटतो. कोंड्यात कॅल्शियम फार कमी असतं. चुनखडीची भुकटी किंवा मिनरल मिक्श्चर नसेल तर चांगल्या ठेवणीची मादीही हाडानं कच्ची राहते.

गाडीत तणस (भाताचा पेंढा) जाड अंथरा, नाहीतर पाय फाकतात. चढ-उतार मातीच्या धुऱ्यावरून (बांधावरून) करा, उडी मारू देऊ नका. उन्हाळ्यात रात्रीच आणा, डुकराला घाम येत नाही. घरी 30 दिवस वेगळं ठेवा आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा चालवून बघा. लपलेला लंगडेपणा प्रवासानंतरच बाहेर पडतो, म्हणून बदलून देण्याची बोली पैसे मोजण्याआधीच करून घ्या.