फोनचं ॲप कॉम्प्युटरवर, आणि गंधार कुठे गेला

डिसेंबरात तानसेन समारोह ऐकून आली तेव्हापासून आत्याचं एकच चाललंय, आपल्या तंबोऱ्यात गंधार (सा-रे-ग मधला ग) बोलत नाहीये. ज्यांना गाण्यातलं कळत नाही (म्हणजे मी) त्यांच्यासाठी सांगतो, तंबोऱ्याला तारा बहुधा चारच, एक पंचमाची (प), दोन जोडाच्या (सा) आणि एक खर्जाची (खालचा सा), गंधाराची तार त्यात नसतेच, पण तंबोरा नीट लागला आणि जवारी (घोडीचा गोलसर माथा, ज्यावर तार टेकते) खुली असली की खर्जाच्या तारेतून गंधार आपला आपण ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आत्या आमच्या ग्वाल्हेरच्या माधव संगीत महाविद्यालयात शिकलेली, १९१८ साली माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांना बोलावून काढलेलं तेच, त्यामुळे तिला तो ऐकू येतो. मला आजवर एकदाही वेगळा असा ऐकू आलेला नाही. पण म्हटलं ऐकू नाही आला तरी दाखवू तर शकतो ना.

माझ्या फोनमधे स्पेक्ट्रॉइड आहे, फुकट ॲप, माइकमधून आलेल्या आवाजात कुठली फ्रिक्वेन्सी किती ते वर ग्राफमधे दाखवतं आणि खाली तेच रंगांत धबधब्यासारखं सरकत राहतं. आत्याची पट्टी काळी चार, म्हणजे तिचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. म्हणजे खर्जाची तार साधारण १०३.८ हर्ट्झ, आणि गंधार म्हणजे त्याची पाचपट, ५१९. पेटीवर हाच गंधार दाबला तर ५२३ च्या आसपास येतो, कारण पेटीचे सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. चार हर्ट्झचा फरक, पण आत्याचं पेटीशी आयुष्यभराचं जे भांडण आहे ते एवढ्या चार हर्ट्झचंच आहे.

तर फोन तंबोऱ्यासमोर धरला, रेघा आल्या, मी खूश. आत्या म्हणाली "कुठेय?" तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा बाकी, साडेसहा इंची पडद्यावरची केसाएवढी रेघ तिला काय दिसणार. "अरे त्या कॉम्प्युटरवर लाव की, तो नुसताच पडलाय."

कॉम्प्युटर म्हणजे मधल्या खोलीतला जुना डेस्कटॉप, पण मॉनिटर बावीस इंची. आता शहाणा माणूस म्हणेल डेस्कटॉपवर ऑड्यासिटी (आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) टाक, स्पेक्ट्रोग्राम त्यातही दिसतो. बरोबर आहे. पण मला तेच ॲप, तोच धबधबा हवा होता, हट्ट म्हणा. विंडोज ११ मधे अँड्रॉइडची ॲप चालवायची सोय मायक्रोसॉफ्टनेच दिली होती, ती मार्च २०२५ मधे बंद केली, त्यामुळे तो रस्ता गेला. उरला एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत खोटा अँड्रॉइड फोन चालवणारं सॉफ्टवेअर. बायोसमधे जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू केलं, गेम खेळणारी पोरं वापरतात तसला एक एम्युलेटर टाकला, माइकची परमिशन एकदा ॲपला, एकदा एम्युलेटरला आणि एकदा विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमधे अशी तीन ठिकाणी दिली (एक जरी राहिली तरी ॲप बिचारं काही बोलत नाही, नुसती सपाट रेघ दाखवत बसतं) आणि डेस्कटॉपला माइक नसतो हे लक्षात आल्यावर लॉकडाऊनमधल्या क्लासचा हेडसेट माळ्यावरून काढून गुलाबी भोकात खुपसला.

चाललं! आत्याने तार छेडली, बावीस इंचभर रेघा उमटल्या आणि दोन-तीन सेकंदांत एक एक करून विझल्या. तंबोरा वाजतोय, कानाला ऐकू येतोय, आणि पडद्यावर अंधार. परत छेडली, परत तेच. आत्या म्हणाली "याचा जीव गेला की काय." मी अर्थातच एम्युलेटरला शिव्या घातल्या, काढून दुसरा टाकला, तासभर त्यात गेला, तिथेही तेच.

मग डोक्यात प्रकाश पडला. लॉकडाऊनमधे ज्यांनी ऑनलाइन गाणं शिकलंय त्यांना आठवत असेल, गुरुजींचा तंबोरा सुरुवातीला जरासा ऐकू यायचा आणि मग गायबच व्हायचा. कारण एकच. कॉम्प्युटरचं नॉइज सप्रेशन (आजूबाजूचा गोंगाट दाबायची सोय) बोलण्यासाठी केलेलं असतं, माणसाचं बोलणं सतत बदलतं, पंखा किंवा कूलर एकसारखा घुमतो, म्हणून जे एकसारखं घुमतंय तो कचरा समजून ते पुसून टाकतं. तंबोऱ्याचं तर कामच एकसारखं घुमायचं! म्हणजे आमचा खर्ज माझ्या साउंड ड्रायव्हरच्या लेखी कूलर होता. हे मी आत्याला सांगायला नको होतं.

विंडोजच्या माइक सेटिंगमधे जाऊन ऑडिओ एन्हान्समेंट बंद केलं. रेघा थांबल्या, विझेनात. आणि १०० च्या जवळ एक जाड ठसठशीत रेघ आली. आत्या म्हणाली बघ खर्ज कसा दिसतोय. दिसत होता खरा, फक्त तिने तार हाताने दाबली तरी रेघ जागची हलेना. आपली लाइट ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००, ती भुणभुण स्वस्तातल्या हेडसेटच्या वायरमधून आत येत होती, आणि आमचा खर्ज १०३.८. दोघं शेजारी शेजारी, एकमेकांत मिसळलेले. ॲपमधे एफएफटीचा (आवाज फ्रिक्वेन्सीच्या कप्प्यांत वाटणारं गणित) साइज ४०९६ होता, सेकंदाला ४८ हजार सॅम्पल (आवाजाची मोजमापं) धरले तर एकेक कप्पा ११.७ हर्ट्झचा पडतो, म्हणजे लाइट आणि खर्ज एकाच कप्प्यात कोंबलेले. साइज ३२७६८ केला की कप्पा दीड हर्ट्झच्या आत येतो आणि दोन रेघा सुट्या दिसतात, पण मग एकेक चित्र काढायला पाऊण सेकंदाच्या जरा आतबाहेर आवाज गोळा करावा लागतो, त्यामुळे सगळं आळसावल्यासारखं सरकतं. तंबोऱ्याला चालतं ते, तबल्याला नाही चालणार.

शिवाय अजून एक. ८००० हर्ट्झच्या वर पडदा अगदी सुरीने कापल्यासारखा काळा. कितीही टाळ्या वाजवा, चाव्यांचा जुडगा हलवा, वर काहीच नाही. ॲपला वाटत होतं आपल्याला ४८ हजार सॅम्पल मिळतायत, प्रत्यक्षात मधे कुठेतरी ते १६ हजारावर आणून परत फुगवलेले असणार, आणि सॅम्पलिंगच्या निम्म्याच्या वरचं काही पकडता येत नाही, १६ चं निम्मं आठ. गंधाराला त्याने फरक पडत नव्हता, पण माझा मूडच गेला. म्हणजे तंबोऱ्यापासून पडद्यापर्यंत हेडसेट, साउंड कार्ड, विंडोज, एम्युलेटर एवढे मधले लोक, आणि प्रत्येकजण आपापलं शहाणपण करून पुढे ढकलणार, त्यातून जे दिसतंय तो तंबोरा किती आणि हे लोक किती?

रात्री जेवताना सुचलं की मला कॉम्प्युटरचा पडदा हवाय, त्याचा कान कशाला घेतोय मी. फोनचा कान चांगला होताच की.

एससीआरसीपीवाय नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, वाचायचं स्क्रीन कॉपी, यूएसबी केबल लावली की फोनचा पडदा कॉम्प्युटरवर दिसतो आणि माउसने चालवताही येतो. आधी फोनच्या सेटिंगमधे बिल्ड नंबरवर सात वेळा टकटक करून डेव्हलपर ऑप्शन उघडायचे, त्यात यूएसबी डिबगिंग चालू करायचं, बस. ॲप फोनमधेच चालतं, माइक फोनचाच, हेडसेट नको, एम्युलेटर नको. केबल नको असेल तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स टाका, त्यात ऑडिओ स्पेक्ट्रम आहे आणि रिमोट ॲक्सेस चालू केला की त्याच वायफायवरच्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधे ग्राफ उघडतो, पण मला धबधबा आवडतो म्हणून केबल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कॉम्प्युटर दूर, केबल लांबची, फोन भोपळ्यापासून हातभरावर उशीवर. आत्याने खर्ज छेडला. १०४ च्या जरा आत एक, २०८ ला, ३११ ला, ४१५ ला, आणि ५१९ ला... पुसट, आहे-नाही अशी रेघ. "हाच ना?" हाच. मग ती घोडीवरचा, तारेखालचा दोरा नखाने सरकवत बसली, केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि एका जागी काय झालं कोण जाणे, वरच्या रेघा भसाभस उघडल्या, पार दोन-तीन हजारापर्यंत, आणि ५१९ ची रेघ तार छेडल्यावर लगेच नाही, क्षणभर थांबून मग उजळायला लागली. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलंय, तंबोऱ्याच्या गोलसर घोडीमुळे असे स्वर निघतात जे नेहमीच्या नियमाने त्या तारेतून निघायलाच नकोत. हे मी आत्याला सांगत होतो पण तिचं लक्ष नव्हतं, ती "आला, आला" म्हणत होती, आणि मला, खरं सांगतो, रेघेकडे बघत बघत पहिल्यांदा ऐकू आला.

आता अडचण अशी की रविवारी सकाळी माझा फोन तिच्या उशीवर असतो आणि फोन आला की तिचा धबधबा थांबतो, मग ती चिडते. म्हणून मागच्या वर्षी डिस्प्ले फुटून ड्रॉवरमधे पडलेला जुना फोन काढलाय, पडदा पार काळा, पण माइक शाबूत, आणि डिबगिंग याच कॉम्प्युटरला आधीपासून दिलेलं होतं, त्यामुळे केबल लावली की मॉनिटरवर सगळं दिसतं आणि माउसने चालतं. बॅटरी जरा फुगलेली वाटतेय, तेवढी बदलायला आज बाड्यावर (आमचा ग्वाल्हेरचा बाजार) जाऊन येतो.